भरतीची वाट पाहणारी विमानं

मंगळवार, ३ मार्च १९४२. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरचं ब्रूम हे गाव. गावासमोरच्या रोबक बेमध्ये त्या सकाळी १५ फ्लाइंग बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. ज्याचं पोटच होडीचं असतं, जे पाण्यावरून उडतं आणि पाण्यावरच उतरतं, असं हे विमान. साडेदहाच्या सुमाराला त्या पंधरांतली एकही उडण्याजोगी उरली नव्हती.

ही गोष्ट बहुतेक वेळा जपानी हल्ल्याची म्हणून सांगितली जाते. हल्ला झाला हे खरंच, पण घड्याळ त्याच्या फार आधी सुरू झालं होतं. शिवाय मेले त्यांतले पुष्कळजण लढत नव्हते की पळत नव्हते. ते किनाऱ्याला लागण्याची वाट पाहत होते. मला या घटनाक्रमात सर्वांत जास्त खुपतं ते हे तिष्ठणं.

३२ दिवस आधी

३० जानेवारी. क्वांटास कंपनीची ‘कोरिओ’ ही फ्लाइंग बोट तिमोरमधल्या कूपांगकडे निघाली होती. तिथून माणसं बाहेर काढायची होती. कूपांगजवळ जपानी झीरो विमानांनी तिला गाठलं आणि पाडलं. आत १८ जण होते, १३ मेले. कॅप्टन ऑब्रे कॉक जखमी अवस्थेत पोहत किनाऱ्याला लागला.

कोरिओ ही ‘एम्पायर’ जातीची बोट. या जातीची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण ती आपल्या डोक्यावरूनही जात होती. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या शॉर्ट ब्रदर्स कारखान्याने ती बांधली. पहिली ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये उडाली. चार ब्रिस्टल पेगॅसस इंजिनं, ३४ मीटरहून जास्त पंखविस्तार, आत दोन डझन उतारू. उठून उभं राहावं, कठड्याला टेकून खिडकीतून खाली पाहावं, अशी जागाही तिच्यात होती. साउदम्प्टनहून निघालेली बोट टप्प्याटप्प्याने सिडनीला पोचायची आणि हिंदुस्थानात तिचे थांबे होते कराची, मेवाडातला राजसमंद तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. वाळवंटाच्या कडेचा राजसमंद आणि शिंद्यांच्या संस्थानातला एक जलाशय ही साम्राज्याच्या टपालाची बंदरं होती, हे आज सांगितलं तर कुणाला चटकन पटत नाही.

त्या काळी फ्लाइंग बोटीचं आकर्षण साधं होतं. तिला धावपट्टी लागत नाही. जगात सिमेंटच्या लांब धावपट्ट्या मोजक्या होत्या आणि तलाव, नद्या, खाड्या मुबलक. पण एक हिशेब जाहिरातींत कधी आला नाही. विमान पाण्यावर उतरलं तरी माणसाला जमिनीवर उतरायचं असतं. त्यासाठी होडी लागते, धक्का लागतो, शांत पाणी लागतं. पेट्रोलसुद्धा होडीतूनच न्यावं लागतं. शांततेच्या काळात हे सगळं हाताशी असतं, गडबडीच्या काळात नसतं.

१२ दिवस आधी

१९ फेब्रुवारी. सिंगापूर पडून चार दिवस झाले आहेत. जपानी विमानं डार्विनवर तुटून पडतात. बंदरात ‘कॅमिला’ ही एम्पायर बोट होती. क्राउदर आणि हसी हे दोन वैमानिक धुरातून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले आणि जळत्या बंदरातून तिला उडवून घेऊन गेले. फ्लाइंग बोटीच्या बाजूने सांगावी अशी ही हकीकत आहे. बोट रिकामी होती, पेट्रोल भरलेलं होतं, चालवणारे धडपडे होते. तेवढ्यात काम झालं.

डार्विन निकामी झाल्यावर जावा या डच वसाहतीतून माणसं घेऊन येणाऱ्या विमानांना उतरायला उरलं ब्रूम.

३ दिवस आधी

२८ फेब्रुवारी. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चिलाचाप बंदरातून दोन एम्पायर बोटी ब्रूमला निघाल्या. एक पोचली. दुसरी, ‘सर्सी’, वाटेत नाहीशी झाली, आतल्या सगळ्या माणसांसकट. यानंतर त्या मार्गावर प्रवासी बोटी पाठवणं थांबलं. डच नौदलाला मात्र थांबणं परवडणारं नव्हतं. जपानी सैन्य जावात उतरलं होतं, डचांच्या फ्लाइंग बोटी शाबूत होत्या आणि वैमानिकांची बायकामुलं अजून जावातच होती.

साधारण १८ तास आधी : २ मार्च, दुपार

तीनच्या सुमाराला एक जपानी टेहळणी विमान ब्रूमवर येतं, उंचावरून घिरट्या घालतं आणि निघून जातं.

ते कशासाठी आलं होतं हे न कळण्याइतकं कुणी अजाण नव्हतं. डार्विनची राख अजून गरम होती. ब्रूमकडे मात्र विमानविरोधी तोफ नव्हती, लढाऊ विमान नव्हतं. होती ती एक धावपट्टी, थोडे सैनिक आणि मोत्यांच्या शिंपल्यांवर जगणारं एक गाव. मोती निमित्ताला, खरा धंदा शिंपल्याचा, त्याची शर्टाची बटणं व्हायची. समुद्राच्या तळाशी उतरून शिंपले वेचणाऱ्या पाणबुड्यांत जपानी माणसं पिढ्यानपिढ्या होती. ब्रूमच्या जपानी दफनभूमीत नऊशेहून अधिक जण आहेत, आणि पाणबुड्याचं आयुष्य बेभरवशाचं असतं एवढं त्या आकड्यावरून कळतं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू होताच गावातल्या जपानी लोकांना पकडून नजरकैदेत नेलं होतं.

या गावातून त्या पंधरवड्यात निर्वासितांचा लोंढा जात होता. एका दिवसात पन्नासहून अधिक विमानं उतरल्याची नोंद आहे. एकूण आठ हजार माणसं ब्रूममार्गे गेली हा आकडा बरीच वर्षं चालला. अलीकडच्या इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो. आकडा निम्मा केला तरी त्या गावाच्या आवाक्याबाहेरचाच होता. हॉटेलांत जागा नाही, पाणी पुरत नाही, खाणं पुरत नाही.

१२ तास ते ३ तास आधी : पौर्णिमेची रात्र

आपल्या पंचांगात ती फाल्गुनी पौर्णिमा होती. इकडे होळ्या पेटल्या असतील, तिकडे जावाच्या डोंगरातल्या तलावांवरून आणि चिलाचापच्या बंदरातून डच बोटी चांदण्यात वर चढत होत्या. डॉर्नियर जातीच्या बोटींवर ‘एक्स’ हे अक्षर आणि क्रमांक, कॅटालिना जातीच्या बोटींवर ‘वाय’ आणि क्रमांक. डॉर्नियर मुळात जर्मन आराखड्याची, पूर्व इंडीजमधल्या डच नौदलासाठी खास तयार केलेली, तीन इंजिनांची. गस्त घालणं, समुद्रात पडलेल्यांना उचलणं हे तिचं काम. त्या रात्री तिच्या पोटात बायका, मुलं, बोचकी आणि वैमानिकांचे सहकारी दाटीवाटीने बसले होते.

कोकणातल्या माणसाला पौर्णिमा म्हटली की उधाण आठवतं. ब्रूमचं उधाण त्याच्या कल्पनेपलीकडचं आहे. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साधारण पाच मीटर चढतं-उतरतं. ब्रूमला नऊ-दहा मीटर. पौर्णिमेच्या आसपास तिथली ओहोटी सहाच्या सुमाराला तळ गाठते, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. संध्याकाळच्या ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर उगवत्या चंद्राची पायऱ्यापायऱ्यांची वाट दिसते आणि ती पाहायला आज प्रवासी मुद्दाम तारखा काढून येतात. १९४२ मध्ये त्या चिखलाचा अर्थ एवढाच होता की होडी किनाऱ्याला लागणार नाही.

फ्लाइंग बोटीला ओहोटीतही तरंगायला पाणी हवं. म्हणून त्या दूर, खोल पाण्यात नांगरल्या होत्या, धक्क्यापासून मैलभर आणि त्याहूनही लांब. रात्रीत आणि पहाटे आलेल्या बोटी उतरल्या त्या तिथेच. उतारूंना किनाऱ्यावर न्यायला पुरेशा होड्या नाहीत, होड्या असल्या तर पाणी नाही, आणि किनाऱ्यावर पोचलं तरी झोपायला जागा नाही. तेव्हा सगळ्यांच्या सोयीचं ठरलं ते असं की माणसांनी बोटीतच थांबावं. सकाळी पेट्रोल भरून पुढे दक्षिणेला जायचंच आहे.

हे कुणी एकाने ठरवलं नव्हतं. कुणी दुष्टपणाही केला नाही. त्या रात्री ब्रूममध्ये जो तो आपापलं काम शक्य तेवढं चोख करत होता. अनेक अपघातांच्या चौकशीत असंच काहीतरी निघतं, आणि मग शिक्षा कुणाला करायची हे कळत नाही.

अडीच तास आधी : सकाळी सातच्या सुमारास

कूपांग. महिन्याभरापूर्वी कोरिओ जिथे निघाली होती, ते ठिकाण आता जपान्यांच्या हातात आहे. तिथल्या धावपट्टीवरून नऊ झीरो उडतात. नेता लेफ्टनंट झेंजिरो मियानो. दहावं विमान टेहळणीचं, कारण समुद्रावरून जवळजवळ नऊशे किलोमीटर जाऊन नेमकं एक गाव गाठायचं तर एकट्या वैमानिकाने बसायच्या लढाऊ विमानाला वाटाड्या हवा. पोटाखाली जादा पेट्रोलच्या टाक्या. बॉम्ब नाहीत.

ब्रूमला लोकांनी नंतर सांगितलं की बॉम्ब पडले. पडल्या त्या बहुधा रिकाम्या टाक्या.

एक तास आधी

खाडीत ‘निकोल बे’ ही बोट पेट्रोलची पिंपं घेऊन एका विमानापासून दुसऱ्याकडे जाते आहे. कॅप्टन हॅरी मॅथिसन. पिंपातून पेट्रोल पंपाने चढवायचं, एकेक टाकी भरायची, मग पुढची बोट. पंधरा विमानं आणि हा वेग.

खाडीत पाच डॉर्नियर आहेत. नऊ-दहा वर्षांची मुलं पंखावर येऊन बसलीत असं चित्र रंगवण्याचा मोह होतो, पण कोण कुठे बसलं होतं हे मला ठाऊक असल्याचा आव आणणार नाही. चार डच कॅटालिना आहेत. दोन अमेरिकन नौदलाच्या, दोन ब्रिटिश हवाईदलाच्या. आणि दोन एम्पायर : क्वांटासची ‘कॉरिना’ आणि ऑस्ट्रेलियन हवाईदलाची ‘सेंटॉरस’.

सेंटॉरसजवळ क्षणभर थांबू. डिसेंबर १९३७ मध्ये कॅप्टन बर्जेसने हिलाच इंग्लंडहून हिंदुस्थान ओलांडून ऑस्ट्रेलियाला आणि तिथून टास्मान समुद्रावरून न्यूझीलंडला नेलं. २७ डिसेंबरला ती ऑकलंडच्या बंदरात उतरली. बर्जेस स्वतः न्यूझीलंडचा. मार्ग पाहून ठेवण्यासाठी काढलेली ती फेरी होती. महायुद्ध सुरू झाल्यावर हवाईदलाने तिला ताब्यात घेतलं, राखाडी रंग चढवला आणि नावाऐवजी क्रमांक दिला. एखाद्या देशाने काचेत ठेवावं अशी ही वस्तू. ३ मार्चला ती रांगेत उभी आहे.

किनाऱ्यावर कॉन्टिनेन्टल हॉटेलमध्ये क्वांटासचा लेस्टर ब्रेन तापाने अंथरुणाला खिळला आहे. जावा-ब्रूम वाहतुकीची सगळी जबाबदारी त्याच्यावर. ओहोटी संपून पाणी चढू लागलं आहे. धक्क्याशी होडी लागायला आता फार वेळ नाही.

९ वाजून २० मिनिटं

विमानांचा आवाज. इतके दिवस येणारी विमानं आपलीच होती, त्यामुळे काहींनी मान वर करूनही पाहिलं नाही.

मियानोने तीन झीरो वर पहाऱ्याला ठेवले. बाकीचे पाण्यावर उतरत्या रेषेत आले. नांगरलेल्या फ्लाइंग बोटीइतकं सोपं लक्ष्य नाही. ती हलत नाही, तिचा पंख उंच आणि लांब, आणि पेट्रोल त्या पंखातच. थोड्या वेळापूर्वी भरलेली टाकी रिकाम्या टाकीपेक्षा जास्त भडकते. ज्यांची पाळी आधी आली होती त्यांचं दैव असं फिरलं. पेट्रोल पाण्यावर पसरलं आणि पाणी पेटलं. बोटीत राहावं तर आग, उडी मारावी तर आग आणि भरतीचा जोरदार प्रवाह. अनेक बायकांना, मुलांना पोहता येत नव्हतं.

९.३० आणि पुढे

निकोल बेवर अजून पेट्रोलची पिंपं आहेत. मॅथिसनची बोट कॉरिनाला पेट्रोल भरत होती. कॉरिना पेटली. शहाण्या माणसाने पिंपांसह तिथून पळ काढला असता. मॅथिसनने बोट जळत्या पाण्यातून फिरवली आणि हाताला लागतील तितकी माणसं वर ओढली. चार्ली डँटॉइन हा आदिवासी वंशाचा तरुण पेट्रोल भरण्याच्या कामावर होता. एक बाई आणि एक मूल यांना आधार देत तो पोहत किनाऱ्याकडे आला. पुढे डच सरकारने त्याचा गौरव केला. ज्या देशात आदिवासींना तेव्हा पुरतं नागरिकत्वही नव्हतं तिथे गौरवासाठी परदेशी सरकार लागलं, हे नोंदवून पुढे जातो.

तापातला ब्रेन उठून किनाऱ्यावर गेला. एक वल्ह्याची होडी सापडली. सहकारी माल्कम मिलरला घेऊन तो ती वल्हवत आगीच्या दिशेने गेला. एका होडीत किती माणसं मावणार? मावली तेवढी त्यांनी आणली. बाहेरून धरून तरंगणारी वेगळी.

इतक्यात झीरो धावपट्टीकडे वळले होते. जखमी अमेरिकन सैनिकांना घेऊन एक लिबरेटर विमान नुकतंच उडालं होतं. ते किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात पाडलं गेलं. त्यातला सार्जंट मेल्विन डोनोहो एकटाच वाचला. दिवसाहून जास्त वेळ तो पाण्यात होता. जमिनीवर उभी असलेली बॉम्बफेकी आणि वाहतुकीची विमानं एकामागून एक पेटली.

प्रतिकार झाला तो जवळजवळ एकट्या माणसाचा. गस विंकेल हा डच वैमानिक आपल्या लोडस्टार विमानातून मशीनगन काढून धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. तिला टेकवायला काही नव्हतं, म्हणून नळी डाव्या हातावर पेलून त्याने गोळ्या झाडल्या. ओसामु कुदोचं झीरो समुद्रात कोसळलं. तापलेल्या नळीने विंकेलचा हात भाजून निघाला.

साधारण १०.३०

झीरो निघून गेले. त्यांतलं आणखी एक परतीच्या वाटेवर पेट्रोल संपून समुद्रात उतरलं.

हिशेब असा : मित्रराष्ट्रांची किमान २२ विमानं गेली, त्यांत खाडीतल्या सगळ्याच्या सगळ्या १५ फ्लाइंग बोटी. मेलेल्यांचा रूढ आकडा किमान ८८. गावातल्या लोकवस्तीवर झीरोंनी गोळ्या झाडल्या नाहीत. त्यांचं काम विमानांशी होतं आणि विमानांत माणसं कोण आहेत हे वरून दिसत नाही, असं जपानी बाजूने म्हणता येतं. मला ते अर्धवट पटतं. युद्धात विमान हेरायचं शिक्षण असतं, पंखावर उभी असलेली बाई हेरायचं नसतं.

आकड्यातल्या ‘किमान’ या शब्दाचं कारण साधं आहे. डच बोटींत कोण कोण चढलं याच्या धड याद्या नव्हत्या. घाईत, अंधारात, तलावाच्या काठी माणसं चढवली गेली. काहींचे देह मिळाले, ओळखणारं कुणी मिळालं नाही. काहींना ओळखणारे होते, देह प्रवाहाने नेला.

त्याच सकाळी, थोडं उत्तरेला

परतणाऱ्या झीरोंना एक डच डीसी-३ दिसलं. बांडुंगहून मध्यरात्रीनंतर निघालेलं, ब्रूमकडे येणारं. वैमानिक इव्हान स्मिरनॉफ, पहिल्या महायुद्धातला नावाजलेला रशियन लढवय्या. जखमी असतानाही त्याने विमान कार्नोट बेच्या किनाऱ्यावर उतरवलं. चार माणसं दगावली, त्यांत एक तान्हं मूल. विमानात हिऱ्यांचं एक पुडकं होतं, ते हरवलं आणि पुढे जॅक पामर नावाच्या किनाऱ्यावरच्या भटक्याला सापडलं. थोडे हिरे परत आले, पुष्कळ आले नाहीत. या हिऱ्यांवर आजवर जितका कागद खर्ची पडला तितका खाडीतल्या माणसांवर पडला नाही. म्हणून इथे एवढंच.

१७ दिवसांनी

२० मार्चला जपानी बॉम्बफेकी विमानं ब्रूमच्या धावपट्टीवर आली. तोवर गाव बरंचसं रिकामं झालं होतं. एक माणूस मेला.

मियानो १९४३ च्या जूनमध्ये सॉलोमन बेटांवरच्या लढाईत मारला गेला. ब्रूममधल्या डच मृतांचे अवशेष पुढे पर्थला हलवले गेले. तिथल्या युद्ध दफनभूमीत त्यांचा वेगळा विभाग आहे. सेंटॉरस, कॉरिना, डॉर्नियर, कॅटालिना मात्र जिथे बुडाल्या तिथेच राहिल्या.

८० हून अधिक वर्षांनी

वर्षातले मोजके दिवस, उधाणाची ओहोटी अगदी खोल गेली की, रोबक बेच्या चिखलातून चालत काही सांगाड्यांपर्यंत जाता येतं. इंजिनांचे गोल, पंखांच्या फासळ्या, त्यांवर पोवळी आणि स्पंज. तास-दीड तास मिळतो, मग मागे फिरावंच लागतं, कारण पाणी माणसाच्या चालीपेक्षा वेगाने येतं. बाकीच्या बोटी आणखी खोल, गढूळ आणि वेगवान पाण्यात आहेत. सिल्वानो जंग या पुरातत्त्वज्ञाने आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाने कोणता सांगाडा कोणाचा हे लावण्यासाठी वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. इंजिनं किती, त्यांची बैठक कशी, फासळ्यांमधलं अंतर किती, यावरून डॉर्नियर की कॅटालिना हे ठरतं. ही जागा राज्याच्या वारसा यादीत आहे आणि तिथून काही उचलणं गुन्हा आहे. तरी पूर्वी उचललं गेलंच, बक्कळ.

मग प्रश्न येतो तो नेहमीचा : वर काढून का ठेवत नाही?

प्रश्न साहजिक आहे, कारण एम्पायर जातीच्या बांधल्या गेलेल्या ४२ बोटींपैकी जगात एकही शाबूत नाही. पॅन अमेरिकनसाठी बांधलेल्या बोइंग ३१४ बारा होत्या, त्यांतली एकही नाही. आयर्लंडमधल्या फॉइन्सच्या संग्रहालयाला तिची प्रतिकृती करून घ्यावी लागली. जर्मनीची बारा इंजिनांची अजस्र ‘डॉर्नियर डो एक्स’ बर्लिनच्या संग्रहालयात सुखरूप होती, ती १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहालयासकट गेली. उरल्या त्या कशा? ज्यांना युद्धानंतरही काम मिळालं त्या. सदरलँड जातीच्या बोटी गस्तीवर राहिल्या म्हणून हेंडन, डक्सफर्ड आणि ऑकलंडला दिसतात. डच संग्रहालयात ‘एक्स’ क्रमांक रंगवून उभी असलेली डॉर्नियर मुळात स्पेनमध्ये समुद्रातून माणसं वाचवण्याच्या कामावर होती. कामाला लागलेल्या फ्लाइंग बोटी टिकल्या. महत्त्वाच्या होत्या म्हणून कुणी जपल्या असं फारसं झालं नाही.

पाण्यातून वर काढण्याचा प्रयोगही झाला आहे. वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे १९४० च्या वादळात बुडालेली एक सदरलँड साठ वर्षांनी कोळ्याच्या जाळ्या-दोरांत अडकून सापडली. तिचं पेगॅसस इंजिन वर आणलं आणि पुढे वर्षं गेली ती त्यातलं मीठ काढण्यात. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू खाऱ्या चिखलात हवेअभावी टिकून राहतो. बाहेर काढला, वाळू दिला, की आत मुरलेलं मीठ कामाला लागतं आणि पत्र्याची पूड होते. एक इंजिन महाग पडतं. सबंध बोट म्हणजे एका पिढीचा खर्च.

माझं मत विचाराल तर ब्रूमच्या बोटी वर काढू नयेत. पैसा आणि रसायनशास्त्र बाजूला ठेवलं तरी त्या थडगी आहेत, आणि थडग्याला प्रदर्शनाची गरज नसते. मोजमापं घ्यावीत, छायाचित्रं घ्यावीत, बाकी समुद्राला त्याच्या गतीने खाऊ द्यावं. ब्रूमला ज्याची उणीव आहे ती पत्र्याची नाहीच. उणीव आहे याद्यांची : कोण चढलं, कुणासोबत, कोणत्या तलावावरून. ती उणीव खाडीचा तळ कितीही उपसला तरी भरून निघणार नाही. त्यातली थोडी भरली ती नेदरलँड्समधल्या घराघरांतल्या पत्रांमुळे आणि फोटोंमुळे.

आपल्याकडे हे काम अजून शिल्लक आहे. कराचीत १९४७ पूर्वी नोकरीला असलेली मराठी कुटुंबं होती, ग्वाल्हेरला तर पिढ्यानपिढ्या आहेत. एखाद्या आजोबांनी एम्पायर बोटी चालवणाऱ्या इम्पीरियल एअरवेजच्या धक्क्यावर, टपालात किंवा संस्थानच्या कचेरीत काम केलं असेल, तलावावर उतरलेल्या विमानाचा फोटो काढला असेल, पाकिटावरचा शिक्का जपला असेल. घरात असं काही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे माणसांची नावं, जागा आणि साल लिहा, मऊ पेन्सिलीने, म्हणजे शाई पुढच्या बाजूला उमटणार नाही. आणि एक प्रत जवळच्या अभिलेखागाराला किंवा इतिहास मंडळाला द्या.